बर्फाचं मशीन आणि ट्यूबची पट्टी

ही हकिगत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात कोणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर बाहेर कोणीतरी हाक मारल्यासारखं करून ओट्यावर जाऊन उभा राहायचो. आता ऐकू कमी येतं, गुडघे बोलतात, आणि आमच्या नातेवाइकांत माझ्या जावयाबद्दल एक चुकीची गोष्ट पक्की होऊन बसली आहे. ती मी बसू दिली. निदान लिहून तरी ती सरळ करावी म्हणून बसलो आहे.

मी इंजिनांचा मिस्त्री. दिघीच्या धक्क्याजवळ माझं पत्र्याचं दुकान होतं, अजूनही आहे, पण आता मी तिथे फक्त सकाळी जाऊन बसतो. आधी होड्यांची इंजिनं, मग विहिरीवरचे पंप, आणि अलीकडच्या वर्षांत गवत कापायची मशीनं. आमच्या बाजूला पावसाळा सरता सरता नारळी-पोफळीच्या वाड्यांत गवत कमरेच्या वर जातं. पूर्वी विळ्याने कापायचे, आता खांद्याला पट्टा लावून पेट्रोलचं मशीन फिरवतात. त्या मशीनच्या दांड्यावर एक घोडा असतो. तो बोटाने दाबून धरला तर पातं फिरतं, सोडला की थांबतं. दिवसभर घोडा दाबून बोट अवघडतं. म्हणून नवं मशीन घेतलं की माणूस पहिला माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, पट्टी मारून द्या."

पट्टी मारणं म्हणजे ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली बोटभर रुंदीची रबरी पट्टी घोड्याभोवती आवळून बांधणं. मग घोडा कायमचा दाबलेला राहतो आणि हात मोकळा. असल्या पट्ट्या मी किती मारल्या ते सांगता येणार नाही. दुकानात खिळ्याला पट्ट्यांचा झुपकाच लटकत असायचा. त्यात काही चुकीचं आहे असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. माझ्या तर नाहीच.

माझी मुलगी लग्नानंतर अमेरिकेत गेली. जावई खाडीपासून आत, तळा गावाकडचे, भातशेतीच्या घरातले, मुंबईत शिकले, कॉम्प्युटरच्या नोकरीत लागले. शांत माणूस. कुठलीही वस्तू घेतली की तिच्याबरोबरचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचणार. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी नवीन मिक्सर आणला होता, तर त्यांनी खोक्यातून पुस्तक काढून वाचलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "आई, हा एका दमात फार वेळ चालवायचा नाही." आम्ही नंतर पुष्कळ हसलो. मी म्हणालो, मिक्सरचंसुद्धा पुस्तक वाचतो, ह्याने समुद्राचं पुस्तक वाचलं तर पाण्यात पाय घालणार नाही.

ते दोघे उत्तरेकडच्या एका गावात राहायला गेले. स्वतःचं घर घेतलं. तिथे थंडीत बर्फ पडतो तो रस्त्यापासून गाडीच्या शेडपर्यंत साचतो आणि तो ज्याचा त्याने काढायचा. पहिल्या वर्षी फावड्याने काढला. जावयांची कंबर धरली. दुसऱ्या वर्षी थंडी यायच्या आधी मुलीचा फोन आला. माझी बायको आणि मी अंगणात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, बर्फ फेकायचं मशीन घ्यायचंय. बॅटरीवालं घेऊ की गॅसवालं? तुम्ही मशीनवाले, तुम्ही सांगा."

बायकोच तोंडात बोट घालून म्हणाली, "गॅस? अगं बाय, सिलिंडर घेऊन बर्फात फिरणार तुम्ही? न्हाय न्हाय. भडकला म्हंजे?"

मीही लगेच मत देऊन टाकलं. गॅसवर इंजिनाचा दम जातो, चढाला मार खातं, आपल्याकडच्या गॅसच्या रिक्षा बघा. गॅसवालं अजिबात घेऊ नका. पुढचे कित्येक दिवस मी दर फोनला हेच सांगत राहिलो. मुलगी कंटाळून "बरं बाबा" म्हणायची. शेवटी एकदा जावई फोनवर आले आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "बाबा, इकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात."

बायको इतकी हसली की तिच्या हातातल्या सुपातले तांदूळ सांडले. संध्याकाळपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं होतं. धक्क्यावर मला विचारायला लागले, "काय मिस्त्री, होडीला सिलिंडर बसवताय ना?" थट्टाच होती. पण मला ती लागली. चाळीसएक वर्षं इंजिनं खोललेला माणूस, आणि जावई मला पेट्रोल म्हणजे काय ते सांगतो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे वागलो त्याची सुरुवात इथे आहे.

मग मी ती खरेदी हातात घेतली. जावयांनी बरंच वाचून ठेवलं होतं. बॅटरीवालं हलक्या बर्फाला चालतं, पण त्यांच्याकडचा बर्फ ओला आणि जड, शिवाय रस्ता साफ करणारी सरकारी गाडी फाटकाच्या तोंडाशी बर्फाचा बांध करून जाते. त्याला पेट्रोलचंच हवं. त्यातही दोन प्रकार. एकात पुढचा फिरता स्क्रूच बर्फ ओढतो आणि तोच फेकतो. दुसऱ्यात स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. त्यांना दुसरा प्रकार हवा होता. ते मलाही पटलं.

एका रविवारी त्यांनी तिथल्या दुकानात उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. लाल, पिवळी, केशरी मशीनं ओळीने उभी. मी चष्मा लावून बघत होतो, बायको माझ्या खांद्यावरून डोकावत होती. जावयांना एक मशीन आवडलं होतं. ते मूठ दाखवत म्हणाले, "बाबा, हे बघा. दोन लिव्हर आहेत. उजवा दाबला की चाकं चालतात, डावा दाबला की स्क्रू फिरतो. पण ह्या मशीनला दोन्ही दाबल्यावर डावा आपोआप धरून राहतो. मग डावा हात मोकळा, त्या हाताने नळकांडं फिरवायचं. आणि उजवा सोडला की सगळं थांबतं."

"ते राहू द्या," मी म्हणालो. "चालू करून आवाज ऐकवायला सांगा."

"दुकानात चालू करत नाहीत, बाबा."

"मग काय रंग बघून घेणार?"

मागे मुलगी हसली. जावईही हसले. ते मशीन त्या दिवशी घेतलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ उबदार प्रदेशात राहायला निघाले आणि त्यांनी आपलं जुनं मशीन विकायला काढलं. ह्या मशीनचा व्हिडिओ कॉल मी मन लावून बघितला. बिडाचा गिअरबॉक्स, जाड पत्रा, हल्ली असं बनवत नाहीत. मी जावयांना प्लग काढायला लावला. टोक विटकरी रंगाचं, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. ऑइलची काडी बघितली. स्क्रू हाताने हलवून ढिलाई बघायला लावली. स्क्रूला दोन पिना असतात. दगड अडकला तर त्या आधी तुटाव्यात आणि गिअरबॉक्स वाचावा अशी ती योजना. होडीच्या छोट्या इंजिनाच्या पंख्यालाही तशीच पिन असते. त्या म्हाताऱ्याने पिनांच्या जागी साधे पोलादी बोल्ट ठोकले होते. मी ते फोनवरून ओळखलं. "आधी हे काढा आणि मूळच्या पिना घाला," मी सांगितलं. जावई म्हणाले, "कमाल आहे बाबा, माझ्या लक्षातच आलं नसतं." मला फार बरं वाटलं. गिअरबॉक्सची काळजी मी अशी घेतली.

मग त्यांनी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं. मी फोन कानाला लावून डोळे मिटले. जाड, एकसारखा आवाज, कुठे अडखळणं नाही. "घ्या," मी म्हणालो.

जावयांनी मशीन बंद केलं. "बाबा, आवाज चांगला आहे. पण ह्याला ते डावा लिव्हर धरून ठेवायचं नाही. दोन्ही हात कायम अडकणार. नळकांडं फिरवायला एक हात सोडला की स्क्रू थांबणार."

"थांबू दे की. फिरवा, पुन्हा दाबा. हात आहेत की लोण्याचे गोळे?"

"लोण्याचेच आहेत," मागून मुलगी म्हणाली. "दिवसभर बटणं दाबतो तो."

मशीन घेतलं. पहिला बर्फ पडला तेव्हा मुलीने व्हिडिओ पाठवला. पांढरा फवारा कुंपणापलीकडे उडत होता आणि जावई कानटोपी घालून मशीनमागे चालत होते. तो व्हिडिओ मी धक्क्यावर प्रत्येकाला दाखवला. फेरीबोटीचा तिकीटवालाही बघून म्हणाला, "मिस्त्री, ह्याने आपला गाळ उपसता येईल का?" सिलिंडरची थट्टा त्या दिवसापासून बंद झाली.

थंडी वाढली तशी जावयांची अडचण सुरू झाली. तिथला वारा फिरता. नळकांडं सारखं वळवावं लागायचं, नाहीतर फेकलेला बर्फ तोंडावर. वळवायला हात सोडला की स्क्रू बंद. जाड हातमोज्यात लिव्हर दाबून बोटं बधिर व्हायची. त्यांनी तक्रार केली नाही, मुलीनेच सांगितलं, की एवढ्याशा वाटेला तास लागतो आणि आत आल्यावर त्याला कपही धरता येत नाही.

मुलगी कामावर असताना जावयांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "त्यात काय, डाव्या लिव्हरला पट्टी मारा."

जावयांना कळलं नाही. ते म्हणाले, "पट्टी म्हणजे? शाळेत मास्तर मारायचे ती?"

मी समजावून सांगितलं. ते लगेच म्हणाले, "बाबा, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, लिव्हर बांधू नका. चित्रही आहे. हात सोडल्यावर स्क्रू थांबावा म्हणूनच तो लिव्हर तसा केलाय."

"पुस्तक वकील लिहितात," मी म्हणालो. "उद्या कोणी कोर्टात गेला तर कंपनीला दाखवायला. आमच्या इथे मला पट्टीशिवाय एक मशीन दाखवा. हजार माणसं वापरतायत, कोणाचं काय झालं?"

"ते गवताचं आहे, बाबा. पातं लांब दांड्याच्या टोकाला असतं."

हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पात्यापर्यंत माणसाचा हात पोचत नाही, आणि बर्फाच्या मशीनचं नळकांडं हाताशी असतं. एवढं मला त्या क्षणी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण त्यांनी मला पुन्हा एकदा शिकवलं असं वाटून मी म्हणालो, "जाऊ द्या, जावईबापू. तळ्याकडच्या माणसाला होडीची भीती, मशीनची भीती. तुम्ही फावडंच घ्या."

बायकोने मला कोपराने ढोसलं. मग जावई म्हणाले, "इकडे तसं रबर नाही मिळत. पाठवा तुम्ही."

शेजारच्या गावातलं एक जोडपं आपल्या मुलाकडे त्याच बाजूला निघालं होतं. त्यांच्या बॅगेत आम्ही सोडे, सुके बोंबील, कोकम असं दिलं. त्यात मी दोन पट्ट्या घातल्या. ट्रकच्या चांगल्या ट्यूबमधून, कडा घासून. पट्टी कशी गुंडाळायची, शेवट कसा खोचायचा म्हणजे एका ओढीत सुटते, ते मी फोनसमोर झाडूच्या दांड्यावर करून दाखवलं. नळकांड्यात हात घालायचा तर आधी पट्टी सोडा, इंजिन बंद करा, असं मी सांगितलं का? मी ते पुष्कळदा आठवून पाहिलंय. कधी वाटतं सांगितलं. पण ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होता ते आठवत नाही, आणि बाकी सगळं आठवतं. म्हणजे सांगितलं नसावं.

पट्टीने काम झालं. जावयांचा फोन आला, "बाबा, अर्ध्या वेळात होतं." मी बायकोकडे बघितलं.

थंडी संपत आली असताना ओला बर्फ पडला. असला बर्फ चिखलासारखा नळकांड्यात बसतो. मशीनचं तोंड तुंबलं. पंखा अडकला, त्याला फिरवणारा इंजिनाचा पट्टा घसरायला लागला, आणि स्क्रू फिरायचा थांबला. जावयांनी दोन्ही हात सोडले. इतक्या दिवसांची त्यांची सवय, हात सोडला की थांबतं. समोर थांबलेलं दिसतही होतं. पण लिव्हर पट्टीने बांधलेलाच होता, आणि इंजिन चालू. त्यांनी वरून हात घालून बर्फ खरवडला. बर्फ मोकळा झाला आणि पंखा फिरला.

उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, वरच्या पेरापासून गेली. डॉक्टरांना जोडता आली नाहीत.

आम्हाला कळलं ते मुलीच्या फोनवरून. आमच्याकडे सकाळ होती, बायको चुलीवर पाणी तापवत होती. जावई पडद्यावर दिसत होते, हात भल्यामोठ्या पांढऱ्या बोचक्यात. बायको रडत विचारत होती, "पट्टी नीट बांधली ना? कोणी बांधली पट्टी?" ती ड्रेसिंगबद्दल विचारत होती. जावयांनी पडद्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बांधली आहे, आई. नीट बांधली आहे."

मुलगी मात्र त्या दुसऱ्या पट्टीवरच आली. "बाबा, ह्याने हँडलला रबर बांधून ठेवलं होतं! मी आत्ता बघितलं. मिक्सरचं पुस्तक वाचणारा माणूस, आणि असला मूर्खपणा? कोणी सांगितलं होतं ह्याला?" मग ती नवऱ्याकडे वळली. "कोणी बांधलं ते?"

"मीच," जावई म्हणाले.

ते खरं होतं. बांधली त्यांनीच होती. मुलीला आमच्या पट्टीच्या बोलण्यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा ती कामावर असायची, आणि खाण्याचं सामान तिने उघडायच्या आधी जावयांनी पट्ट्या काढून घेतल्या होत्या. बायकोला माहीत होतं. तिने डोळे पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि मी काय बोलतो त्याची वाट बघत राहिली.

मी म्हणालो, "मशीनशी असा खेळ करू नये."

"हो, बाबा," जावई म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको चुलीपाशी जाऊन बसली. म्हणाली, "तुमी सांगाल आसं वाटलं मला." मी म्हणालो, आता सांगून बोटं परत येणार आहेत का? ती परत कधी त्याबद्दल बोलली नाही. मला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून तिनेही तोंड मिटलं, आणि माझ्या गप्प बसण्यात तिला ओढल्याचंही ओझं माझ्यावरच आहे.

गोष्ट पसरली ती अशी: शिकलेला जावई, अक्कल पुस्तकातली, चालू मशीनमध्ये हात घातला. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी मान हलवायचो. तळ्याला त्यांच्या आईला भेटायला गेलो. वयस्कर बाई, अंगणात भात वाळत घातलेला. त्या म्हणाल्या, "लहानपणापासून सांभाळून राहणारं पोर हो. कापणीला कधी विळा लागू दिला नाही स्वतःला. असं कसं केलं त्याने?" मी म्हणालो, "नशीब, दुसरं काय." त्यांनी मला चहा दिला. तो मी प्यायलो.

दुकानात मात्र मी पट्टी मारणं बंद केलं. लोक विचारायचे तेव्हा सांगायचो, रबर संपलंय. नंतर म्हणायला लागलो, आता डोळ्याला दिसत नाही. खरं कारण कोणालाच सांगितलं नाही. लोक दुसरीकडे जाऊन मारून घ्यायला लागले.

मुलगी-जावई दर दोन वर्षांनी यायचे. जावई पूर्वीसारखेच बोलायचे. माझ्याशी वागण्यात काडीचा फरक नाही. एवढंच, की ते चमच्याने जेवायला लागले. आमच्याकडे मासे, भात, कालवण, हाताशिवाय जेवण होत नाही. काटा काढायला बोटांची टोकं लागतात. बायको त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे आधीच काढून ठेवायची आणि ते दरवेळी म्हणायचे, "आई, मी काढीन हो," पण काढू द्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा माझा चुलतभाऊ जेवायला होता. तोंडाने फटकळ, मनात काही नाही. त्या दिवशी कोणीतरी भिंग आणून दिला होता. चवीला उत्तम, पण काट्यांनी भरलेला मासा. जावयांनी चमचा उचलला तसा चुलतभाऊ म्हणाला, "काय पाव्हणं, भिंगालापण चमचा? आमच्या मिस्त्रींचा जावई, आणि मशीनला हात खाऊ घातलात. मिस्त्रीला विचारून तरी घालायचा!"

जावई हसले. "चुकलंच काका," म्हणाले.

मी हातातला घास ताटात ठेवला. त्या "चुकलंच" शब्दावर मला पुढे गप्प बसवेना. मी म्हणालो, "विचारूनच केलं त्यांनी. पट्टी मी मारायला सांगितली. ते नको म्हणत होते. रबर मी इथून पाठवलं, सोड्यांबरोबर."

चुलतभाऊ "आं?" करून बघत राहिला. बायकोने पदर तोंडाला लावला. मुलीने ताट पुढे सारलं. तिने माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कोणी बांधलं," ते म्हणाले. "बांधलं मीच होतं."

"इतकी वर्षं मी तुला बोलत आले. चारचौघांत बोलले. तुझ्या आईसमोर बोलले!"

"मग काय सांगणार? तुझे बाबा आहेत."

मुलगी उठून आत गेली. जेवण तसंच राहिलं. चुलतभावाने हात धुतले आणि जाताना मला म्हणाला, "दादा, एवढं मोठं पोटात ठेवलंस?" त्याच्या बोलण्यात फटकळपणा नव्हता.

त्यांचे उरलेले दिवस मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा हवा का, औषध घेतलं का. त्यात तिचं काही चुकलं नाही. तिने तळ्याला सासूला फोन करून सगळं सांगितलं, हे मला बायकोकडून कळलं. म्हणजे एवढं झालं, की ज्यांना कळायला हवं होतं त्यांतल्या बहुतेकांना कळलं, बाकी नात्यात मात्र अजून जुनीच गोष्ट चालते. पण मी जे ताटावर बोललो ती नुसती माहिती होती. कोणी काय केलं ते मी सांगितलं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी अजून काहीच म्हणालो नव्हतो.

निघायच्या दिवशी ते मुरूड, अलिबागमार्गे मुंबईला जाणार होते, म्हणून गाडी दिघीहून फेरीबोटीत घालून आगरदांड्याला उतरवायची होती. मी म्हणालो, पलीकडे सोडून येतो, परतीच्या बोटीने येईन. मुलगी गाडीतच बसून राहिली. जावई आणि मी कठड्याशी उभे होतो. घरापासून धक्क्यापर्यंत मी वाक्यं जुळवत आलो होतो, ती तोंडात तयार होती.

"जावईबापू," मी म्हणालो.

"बोला, बाबा."

त्यांनी उजवा हात कठड्यावर ठेवला होता. मी म्हणालो, "ते मशीन... काढलं का शेवटी?"

"कधीच. एका माणसाला दिलं. पट्टी काढून दिलं आणि बजावून सांगितलं, बांधू नको म्हणून." ते हसले. "नवं घेतलंय. डावा लिव्हर धरून राहतं ते."

"इंजिन कसं आहे?"

"आवाज कमी आहे. पण ओल्या बर्फाला जरा दमतं असं वाटतं."

"कार्बोरेटर बघा. पेट्रोल उन्हाळाभर आत ठेवता का? चिकट होतं ते."

"ठेवतो, बाबा."

"काढून टाकत जा."

अख्खी खाडी आम्ही पेट्रोल, प्लग आणि पट्ट्याचा ताण ह्यांवर बोलत पार केली. ते मन लावून ऐकत होते, मध्ये मध्ये विचारतही होते. बोटीने आगरदांड्याला फळी टाकली. गाड्या सुरू झाल्या. जावई वाकले आणि माझ्या पायांना हात लावला, दोन्ही हात. म्हणाले, "थंडीत फोन लावतो. आवाज ऐकून सांगा कसा आहे ते." मी "सुखी राहा" म्हणालो. मुलीने काच खाली केली, "औषध वेळेवर घ्या" म्हणाली, आणि गाडी चढण चढून वळली.

त्याला आता वर्ष होत आलं. थंडीत त्यांनी खरंच फोन लावला, मशीन ऐकवलं, मी प्लग बदलायला सांगितलं. दर रविवारी बोलणं होतं. मुलगीही हल्ली पुन्हा नीट बोलते. जे म्हणायचं ते त्या दिवशी बोटीवर तयार होतं तसंच अजून आहे. त्यात काही अवघड शब्द नाहीत.

जावईबापू, तुम्ही नको म्हणत होता. बरोबर कारण देऊन नको म्हणत होता. मी तुम्हाला हिणवून ती पट्टी मारायला लावली, आणि सगळे तुम्हाला बोलले तेव्हा त्यांच्यात मीही बोललो. माझं चुकलं. मला माफ करा.